ऑनर सोसायटीच्या चॅप्टरचे सल्लागार होताना: कम्युनिटी कॉलेजमधल्या प्राध्यापकांसाठी

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली की डीनकडून एक विचारणा बऱ्याच जणांना येते: ‘आमच्या फाय थीटा कॅपाच्या चॅप्टरला फॅकल्टी अ‍ॅडव्हायजर हवा आहे, तुम्ही घ्याल का?’ चॅप्टर म्हणजे सोसायटीची आपल्या कॉलेजातली शाखा. मानाचं काम आहे, मुलं हुशार आहेत, म्हणून माणूस हो म्हणतो. मग ऑगस्ट उजाडतो आणि लक्षात येतं की हातात ना सभासदांची यादी आहे, ना हिशेब, ना जुन्या पदाधिकाऱ्यांचे पत्ते. इथे शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांपैकी ज्यांच्याकडे हे काम आलं आहे किंवा येऊ घातलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. फाय थीटा कॅपा ही दोन वर्षांच्या कॉलेजांची ऑनर सोसायटी, म्हणजे उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची मानाची संस्था. १९१८ साली मिसूरी राज्यात ती सुरू झाली, १९२९ मध्ये ज्युनियर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला अधिकृत मान्यता दिली. मुख्यालय मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात आहे. विद्वत्ता, नेतृत्व, सेवा आणि स्नेहभाव या चार गोष्टींवर तिचं सगळं काम उभं आहे. पदवीला लागू पडणारी बारा क्रेडिट्स पूर्ण केलेला आणि साधारणपणे ३.५ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) असलेला विद्यार्थी सभासद होऊ शकतो.

१७७६ साली स्थापन झालेली फाय बीटा कॅपा किंवा इंजिनियरिंगची टाऊ बीटा पाय ही नावं आपल्याला जास्त परिचयाची असतात. तिथे विद्यार्थी चार वर्षं एकाच आवारात असतो. आमच्याकडे तो पहिल्या सेमिस्टरनंतर पात्र होतो, दुसऱ्यात सभासद होतो, तिसऱ्यात पदाधिकारी होतो आणि चौथं संपलं की चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्स्फर घेऊन निघून जातो. दर मे महिन्यात चॅप्टरची सगळी आठवण त्याच्याबरोबर दाराबाहेर पडते. सभागृह कोणाकडून मिळतं, मागच्या वर्षीचा खर्च कशावर झाला, कोणता उपक्रम फसला आणि का, हे पुढच्या मुलांना सांगायला कोणी उरत नाही. उरतो तो फक्त सल्लागार. म्हणून माझ्या मते सल्लागाराचं पहिलं काम म्हणजे चॅप्टरची आठवण सांभाळणं आणि तिला कागदावर जागा देणं. उरलेलं बहुतेक काम विद्यार्थ्यांचं आहे आणि ते त्यांच्याच हातात राहिलं पाहिजे.

हो म्हणण्याआधी

डीनशी बोलताना चार गोष्टी स्पष्ट विचारा आणि उत्तरं ईमेलने लेखी मागून घ्या. या कामासाठी शिकवण्याच्या तासांत सूट आहे का, किंवा मानधन आहे का? टेन्युअरच्या (कायम नोकरीच्या) किंवा बढतीच्या फाइलमध्ये हे काम सेवेखाली धरलं जाईल का? सोबत दुसरा सल्लागार आहे का? आणि चॅप्टरला कॉलेजकडून वर्षाला किती पैसे मिळतात, ते कोणत्या खात्यातून येतात? आपल्याला हे विचारताना संकोच वाटतो. इतक्या चांगल्या कामाचे पैसे काय मागायचे, असं मनात येतं. पण सभा, माहितीसत्रं, समारंभ, संमेलनाचा प्रवास आणि शिफारसपत्रं धरली तर वर्षभरात हे काम एखादा जादा कोर्स शिकवण्याइतकं भरतं. ते कागदावर नसेल तर तुमच्या जागी येणाऱ्यालाही ते फुकटच करावं लागेल.

दुसरा सल्लागार नसेल तर तो मिळेपर्यंत हो म्हणू नका. संध्याकाळच्या वर्गांची मुलं, दुसऱ्या आवारातली मुलं, आजारपण, रजा यांचा विचार करता एकट्याच्या खांद्यावर चाललेला चॅप्टर फार काळ तग धरत नाही.

पहिले तीन आठवडे: कागद गोळा करा

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच ही धावपळ उरकून घ्या, एकदा वर्ग सुरू झाले की ती राहून जाते. सल्लागार बदलल्याचं मुख्यालयाला कळवा, म्हणजे सभासद नोंदणीच्या यंत्रणेत तुमचं नाव चढेल. सोसायटीच्या विभागीय समन्वयकाला फोन करा. हे लोक स्वतः सल्लागार असतात किंवा राहिलेले असतात, आणि नवख्या माणसाला वेळ देतात. चॅप्टरची घटना, मागच्या दोन वर्षांचे बँकेचे किंवा कॉलेजच्या खात्याचे उतारे, सभांची इतिवृत्तं, समाजमाध्यमांच्या खात्यांचे पासवर्ड आणि कपाटातलं सामान (बॅनर, मेणबत्त्या, सभासदांची सही-वही) हे सगळं एका यादीत उतरवा. पासवर्ड एखाद्या माजी अध्यक्षाच्या खाजगी ईमेलला जोडलेला असतो आणि तो आता तिसऱ्याच राज्यात शिकत असतो. सगळी खाती चॅप्टरच्या नावाच्या, कॉलेजच्या ईमेलवर आणा.

मग चार माणसांना प्रत्यक्ष जाऊन भेटा: रजिस्ट्रार ऑफिसातली यादी काढणारी व्यक्ती, हिशेब खात्यातली बिलं मंजूर करणारी व्यक्ती, स्टुडंट लाइफचे संचालक आणि कॉलेजच्या अध्यक्षांच्या ऑफिसातले सहायक. अध्यक्षांचा वेळ, सही आणि सभागृह या तिन्ही गोष्टी शेवटच्या माणसाच्या हातात असतात.

पात्र विद्यार्थ्यांची यादी आणि निमंत्रण

चॅप्टर जगतो की मरतो हे इथे ठरतं, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

यादी रजिस्ट्रारकडून घ्यायची. एकत्रित जीपीए, पदवीला लागू पडणारी पूर्ण झालेली क्रेडिट्स आणि सध्या नाव नोंदवलेलं असणं, हे निकष त्यांना लेखी द्या. पायाभूत किंवा पूर्वतयारीचे कोर्स क्रेडिटांत धरले जाऊ नयेत हे आवर्जून सांगा, कारण संगणकावरची यादी काढताना नेमकी तिथे चूक होते. शरद सेमिस्टरचे निकाल लागले की जानेवारीत आणि वसंत सेमिस्टरचे लागले की उन्हाळ्यात नवी यादी मागायची.

ही यादी म्हणजे विद्यार्थ्यांची शैक्षणिक नोंद आहे आणि तिला अशा नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ सालचा फेर्पा कायदा लागू होतो. तुम्हाला कॉलेजच्या कामासाठी ती पाहता येते, चॅप्टरच्या विद्यार्थी पदाधिकाऱ्यांना ती देता येत नाही. अध्यक्षपदावरची मुलगी कितीही विश्वासू असली तरी कोणाचा किती जीपीए आहे हे तिला कळता कामा नये. निमंत्रणाचे ईमेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत याची काळजी घ्या. वर्गात उभं राहून ‘तुमच्यातले हे तिघे पात्र ठरले’ असं जाहीर करू नका, बंद पाकीट हातात द्या. समारंभाच्या पत्रिकेत नावं छापण्याची परवानगी अर्जातच मागून घ्या. आपली माहिती कोणालाही देऊ नये असं रजिस्ट्रारकडे लिहून दिलेले विद्यार्थी असतात, आणि त्यातल्या एखाद्याला घरातल्या हिंसक माणसापासून लपून राहायचं असतं.

आता मुख्य अडचण. पात्र विद्यार्थ्यांपैकी फार थोडे येतात. कारण आळस नाही. नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करून सकाळी जीवशास्त्राच्या वर्गाला येणारी चाळिशीची एक विद्यार्थिनी निमंत्रणाचं पत्र चार घड्या घालून माझ्या ऑफिसात घेऊन आली होती. टेबलावर ठेवून म्हणाली, ‘हे सगळ्यांनाच पाठवता ना? पैसे मागितलेत, म्हणून विचारते.’ मी तिला तिच्याच फोनवर तिचं गुणपत्रक उघडायला लावलं आणि निकषांच्या ओळीवर बोट ठेवलं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. आपण हुशार आहोत हे तिला आजवर कोणी लेखी कळवलेलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा कळवणारं पत्र तिला फसवणुकीचं वाटलं. आमच्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरात कॉलेजला जाणारं हे पहिलंच माणूस असतं. मोबदल्यात काही न देता पैसे उकळणाऱ्या संस्थाही ईमेल पाठवतच असतात, तेव्हा त्यांचा संशय रास्त आहे.

त्यावर उपाय असे. निमंत्रण कॉलेजच्या पत्त्यावरून जावं आणि त्यावर कॉलेजच्या अध्यक्षांची सही असावी. मजकूर छोटा ठेवा. माझा मजकूर इंग्रजीत जातो, त्याचा आशय साधारण असा:

‘तुमच्या आजवरच्या गुणांवरून तुम्ही फाय थीटा कॅपाच्या सभासदत्वाला पात्र आहात. हे निमंत्रण आपल्या कॉलेजकडून आहे. खात्री करायची असेल तर स्टुडंट लाइफच्या ऑफिसात येऊन विचारा. शुल्क एकदाच भरायचं असतं. ते जड जात असेल तर मला लिहा, सोय होऊ शकते. या आठवड्यात दुपारी आणि संध्याकाळी माहितीसत्र आहे, मुलांना सोबत आणलंत तरी चालेल.’

शेवटचं वाक्य काढू नका. त्या एका वाक्यामुळे आया येतात.

मुख्यालयाचं शुल्क ६० डॉलरच्या आसपास असतं आणि त्यावर विभागाचं व चॅप्टरचं थोडं चढतं. पेट्रोल आणि पुस्तकांत महिना ओढणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम लहान नाही. कॉलेजच्या फाउंडेशनकडे जाऊन दर सेमिस्टरला काही विद्यार्थ्यांचं शुल्क भरण्याची व्यवस्था आधीच करून ठेवा, आणि मदत मागणाऱ्याला कारण विचारू नका. माहितीसत्रात शिष्यवृत्त्यांवर बोला. फाय थीटा कॅपाच्या सभासदांसाठी ट्रान्स्फर शिष्यवृत्ती राखून ठेवणारी चार वर्षांची विद्यापीठं पुष्कळ आहेत. तुमच्या भागातली मुलं ज्या दोन-तीन विद्यापीठांत नेहमी जातात, तिथली रक्कम आणि अर्जाची तारीख विचारून एका पानावर छापून ठेवा. सोसायटीच्या थोर परंपरेवरचं भाषण तिथे कोणाला ऐकायचं नसतं. साठ डॉलर भरून काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं.

पदाधिकारी: निवड आणि तुमचं गप्प राहणं

निवडणूक एप्रिलच्या मध्याला घ्या. म्हणजे जुने आणि नवे पदाधिकारी निदान चार आठवडे एकत्र काम करतात. अर्जात दोन प्रश्न हवेतच: तुमची पदवी कधी पूर्ण होते, आणि आठवड्याला किती तास नोकरी करता? डिसेंबरात पदवी घेणाऱ्याला अध्यक्ष केलं की ऐन हिवाळ्यात, प्रकल्पाचे अहवाल पाठवायच्या वेळी, चॅप्टर पोरका होतो. आठवड्याला तीस तास नोकरी करणारा विद्यार्थी उत्तम उपाध्यक्ष होऊ शकतो, फक्त त्याच्याकडे एकच काम द्या आणि ते नेमकं द्या.

आपल्यापैकी अनेकांनी महाराष्ट्रात एनएसएसचं काम केलेलं किंवा पाहिलेलं असतं. तिथे कार्यक्रम अधिकारी असलेले सर शिबिराचं गाव ठरवतात, बस ठरवतात, पाहुणे ठरवतात आणि मुलं ‘सर म्हणतील तसं’ करतात. इथेही परदेशातून आलेली, विशेषतः आपल्याकडची मुलं सल्लागाराच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांना तसं बसू देऊ नका. सभा अध्यक्षाने चालवायची, कार्यक्रमपत्रिका त्याने दोन दिवस आधी तुम्हाला दाखवायची, आणि तुम्ही टेबलाच्या टोकाला न बसता बाजूला बसायचं. मतदानात भाग घ्यायचा नाही. कोणी विचारलं, ‘मॅडम, आम्ही काय करू?’ तर उलट विचारायचं: तुमच्यापुढे पर्याय कोणते आहेत, कोण करणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत? या तीन प्रश्नांवर बहुतेक सभा आपोआप रुळावर येतात.

मध्ये केव्हा पडायचं? कायदा मोडत असेल, कोणाला इजा व्हायचा धोका असेल, पैशाचा घोळ होत असेल किंवा एखाद्या सभासदाला बाजूला सारलं जात असेल, तेव्हा लगेच आणि ठाम. कार्यक्रम फसणार आहे एवढ्यावरून मात्र पडू नका. परीक्षेच्या आठवड्यात ठेवलेल्या व्याख्यानाला सहाच माणसं आली तर मुलं पुढच्या वेळी कॉलेजचं कॅलेंडर स्वतः उघडून बघतात. त्या फसलेल्या कार्यक्रमावर अर्धं पान लिहून घ्या आणि फाइलला लावा.

पैसे

नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नको. प्रत्येक खर्चाला दोन सह्या. रोख रक्कम मिळाली की त्याच दिवशी दोघांनी मोजून पावती करायची आणि कॉलेजच्या कॅशियरकडे भरायची. व्हेन्मो किंवा झेल या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवांमधल्या कोणाच्याही खाजगी खात्यावर एक डॉलरही घ्यायचा नाही, तुमच्या तर मुळीच नाही. दर महिन्याच्या सभेत खजिनदाराने शिल्लक वाचून दाखवायची आणि ती इतिवृत्तात लिहायची.

शक्य असेल तर चॅप्टरचं खातं कॉलेजच्या आतच ठेवा. बाहेरच्या बँकेत स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र कर-क्रमांक असेल तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) दरवर्षी जी नोंद करायची असते ती कोण करतं, हे पहिल्याच महिन्यात शोधा. ५०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या छोट्या संस्थांसाठी ९९०-एन नावाची अगदी छोटी ऑनलाइन नोंद असते. पण लागोपाठ तीन वर्षं कोणतीच नोंद केली नाही तर करमाफीचा दर्जा आपोआप रद्द होतो. सल्लागार बदलण्याच्या काळात नेमकं हेच भिजत पडतं. सोडत काढून निधी जमवण्याची कल्पना मुलांना हटकून सुचते. त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, आधी हिशेब खात्याला विचारा.

प्रकल्प: डबे गोळा करण्याआधी प्रश्न विचारा

चॅप्टरचे दोन मोठे प्रकल्प असतात. कॉलेज प्रोजेक्ट कॉलेजच्या प्रशासनाबरोबर ठरवायचा, आणि ऑनर्स इन अ‍ॅक्शन हा अभ्यासावर आधारलेला. दुसऱ्यासाठी मुख्यालय एक व्यापक अभ्यासविषय देतं. त्यातून मुलांनी स्वतःचा प्रश्न काढायचा, अभ्यासपूर्ण संदर्भ वाचायचे आणि जे सापडलं त्यावर काही कृती करायची, असा क्रम आहे. बहुतेक चॅप्टर हा क्रम उलटा करतात. आधी अन्नधान्याचे डबे गोळा करतात आणि मग त्याला साजेसा अभ्यास शोधत बसतात.

उदाहरण घेऊ. कॉलेजात गरजूंसाठी फूड पँट्री आहे, पण फार थोडे विद्यार्थी तिथे जातात. आणखी दोनशे डबे आणून त्यात काय फरक पडणार? मुलांना वाचायला लावा: विद्यार्थ्यांमधल्या उपासमारीवर काय लिहिलं गेलंय, मदत घ्यायला माणसं का लाजतात. मग त्यांना एक आठवडा पँट्रीच्या दाराशी उभं करा. ती दुपारी दोनला बंद होते आणि संध्याकाळच्या वर्गांची मुलं पाचला येतात, असं दिसलं तर कृती समोरच आहे: वेळ बदलून घेणं, किंवा ऑनलाइन मागणी नोंदवून कुलूपबंद कपाटातून पिशवी नेण्याची सोय करणं. दाराशी सगळ्यांसमोर रांग लावावी लागते म्हणून मुलं टाळतात असं कळलं, तर तीच सोय त्या लाजेवरही लागू पडते. अशा प्रकल्पाने कॉलेजात कायमचा बदल होतो आणि सोसायटीच्या पुरस्कारांच्या परीक्षकांनाही तो वाचताना कळतो.

विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण करून त्याचे निष्कर्ष कॉलेजबाहेर मांडायचे असतील तर कॉलेजच्या संशोधन नीती समितीला आधी विचारा. परवानगी लागणार नसेल तर तसं लेखी घ्या.

कॉलेज प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या अध्यक्षांकडे तयार कल्पना घेऊन जाऊ नका. मुलांनी विचारायचं, ‘या वर्षी कॉलेजला सगळ्यात जास्त कशात मदत हवी आहे?’ आणि ऐकून घ्यायचं. ही भेट सप्टेंबरात झाली पाहिजे. पुरस्कारांसाठीचे अहवाल हिवाळी सुट्टी संपते न संपते तोच द्यावे लागतात आणि शब्दमर्यादा कडक असते. सप्टेंबरापासून दर शुक्रवारी कोणी काय केलं, किती जण आले, काय शिकलो, हे पाच ओळींत लिहिण्याची सवय लावा. जानेवारीत अहवाल त्याच ओळींतून उभा राहतो. अहवाल तुम्ही लिहू नका. समासात प्रश्न लिहा, वाक्यं मात्र मुलांची राहू द्या.

इंडक्शन

नव्या सभासदांना सामावून घेण्याचा हा समारंभ चॅप्टरचा सगळ्यात देखणा दिवस असतो. निळा आणि सोनेरी हे सोसायटीचे रंग, पांढरा गुलाब हे फूल, आणि बऱ्याच ठिकाणी मेणबत्ती पेटवून शपथ घेतात. खऱ्या ज्योतीला कॉलेजच्या अग्निशमन नियमांत सहसा परवानगी नसते, बॅटरीवरच्या मेणबत्त्या घ्या. तारीख संध्याकाळची ठेवा, म्हणजे नोकरी करणारे पालक, नवरा, बायको, मुलं येऊ शकतील. खुर्च्या प्रत्येक सभासदामागे निदान चार धरा.

नावांच्या उच्चाराकडे मात्र जिवापाड लक्ष द्या. प्रत्येक सभासद दारातून आत आला की त्याला एक कार्ड द्यायचं. त्यावर त्याने आपलं नाव जसं ऐकू यायला हवं तसं लिहायचं, आणि मंचावर नावं वाचणाऱ्याला एकदा म्हणून दाखवायचं. इथे आयुष्यभर आपल्या नावाची मोडतोड ऐकलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. हैतीहून, व्हिएतनामहून, इथिओपियाहून आलेली आई मागच्या रांगेत बसलेली असते. तिला इंग्रजी भाषण कदाचित फारसं कळत नसेल, पण मुलाचं नाव बरोबर उच्चारलेलं ती ओळखते आणि उठून उभी राहते.

‘नव्या सभासदांची जरा गंमत करू’ असला प्रस्ताव कोणी आणला तर तो तिथेच थांबवा. डिसेंबर २०२४ मध्ये रॅगिंगविरोधी संघीय कायदा झाला आणि आता कॉलेजांना अशा प्रकारांची आकडेवारी व अहवाल जाहीर करावे लागतात. त्यात ऑनर सोसायटीला सूट नाही.

प्रवास

विभागाची संमेलनं आणि एप्रिलमधलं कॅटलिस्ट हे सोसायटीचं वार्षिक संमेलन मुलांना फार काही देऊन जातं. काहींचा तो पहिला विमानप्रवास असतो. तयारी तितकीच नेमकी हवी. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी रिअल आयडीची (संघीय निकषांत बसणाऱ्या ओळखपत्राची) अंमलबजावणी सुरू झाली आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी प्रत्येकाचं ओळखपत्र डोळ्यांनी पाहा. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांनी पासपोर्ट आणि आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा दाखला) सोबत ठेवावेत, आणि त्यांना चॅप्टरकडून कसलंही मानधन द्यायचं असेल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला विचारावं. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घेणारी मुलं हल्ली सभासद असतात. अठराच्या आतल्या विद्यार्थ्यासाठी पालकांची लेखी संमती आणि खोल्यांची वेगळी व्यवस्था लागते. पंधरा आसनी व्हॅन उलटण्याचा धोका मोठा असल्याने अनेक कॉलेजांत तिला बंदी आहे. भाड्याची गाडी कोण चालवू शकतं हेही विचारून घ्या. जेवणाचे पैसे प्रवासाआधी मुलांच्या हातात पडतील असं बघा. ‘आधी खर्च करा, मग परत मिळतील’ हे ज्याच्या खात्यात चाळीस डॉलर आहेत त्याला जमत नाही आणि तो ते सांगतही नाही. तो फक्त येणं टाळतो.

विद्यार्थी काही सांगतो तेव्हा

विद्यार्थी संघटनेचे सल्लागार झालात की आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करायला लावणाऱ्या क्लेरी कायद्याखाली तुमची गणना आवारातल्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांत होते. कोणी तुम्हाला मारहाण, पाठलाग, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्याबद्दल सांगितलं तर ते कॉलेजच्या ठरलेल्या यंत्रणेला कळवणं तुमच्यावर बंधनकारक असतं. टायटल नाइन या लिंगभेदविरोधी कायद्याखालीही बहुतेक कॉलेजं प्राध्यापकांवर अशीच जबाबदारी टाकतात. म्हणून एखादी विद्यार्थिनी दार लोटून ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असं विचारू लागली, तर तिने पुढे बोलण्याआधीच तिला प्रेमाने सांगा की काही गोष्टी मला कळवाव्या लागतात, आणि गुप्तता राखू शकेल अशी समुपदेशक आपल्या कॉलेजात आहे. तिला तिथपर्यंत स्वतः चालत सोडा. कॉलेजचं प्रशिक्षण सेमिस्टरच्या सुरुवातीलाच घ्या.

शिफारसपत्रं

तुमच्या हातून विद्यार्थ्यांचं सर्वांत ठोस भलं इथे होतं. प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या नावाने एक पान उघडा आणि वर्षभर त्यावर तारखेसह दोन-दोन ओळी टाका: कोणत्या सभेत त्याने भांडण मिटवलं, कोणत्या अडचणीवर काय मार्ग काढला. ट्रान्स्फर शिष्यवृत्त्यांचे अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात एकदम येतात. तेव्हा ‘मेहनती आणि प्रामाणिक’ एवढंच आठवतं, आणि त्या दोन शब्दांवर कोणी शिष्यवृत्ती देत नाही. ‘पँट्रीची वेळ बदलावी म्हणून तिने कॉलेजच्या उपाध्यक्षांपुढे नऊ मिनिटांत आकडे मांडले आणि नकार आल्यावर सुधारित प्रस्ताव घेऊन पुन्हा गेली’ असं लिहिता आलं तर निवड समिती थांबून वाचते. पत्रासाठी निदान तीन आठवडे आधी सांगायचं, असा नियम मुलांना सप्टेंबरातच कळवा.

हवाली करणं

एप्रिलच्या शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक मावळत्या पदाधिकाऱ्याने आपल्या पदाची वही पूर्ण करायची. त्यात चार प्रकरणं पुरतात: मी काय केलं आणि कोणत्या महिन्यात, कोणाला भेटावं लागतं, काय फसलं, आणि पुन्हा केलं तर काय बदलेन. नव्याने ती त्याच्यासमोर बसून वाचायची आणि प्रश्न विचारायचे. दोघांच्या सह्या होईपर्यंत पदवीदान समारंभात गळ्यात घालायची सन्मानाची दोरी द्यायची नाही, असा दंडक ठेवला की वह्या वेळेत होतात. सगळ्या वह्या, हिशेब, इतिवृत्तं आणि शुक्रवारच्या नोंदी कॉलेजच्या सामायिक ड्राइव्हवर वर्षवार ठेवा. तुमच्या वैयक्तिक खात्यावर काही राहू देऊ नका.

हेच तुम्हालाही लागू आहे. काम सोडायचं ठरवलंत तर एक वर्ष आधी सांगा आणि ते वर्ष दुसऱ्या सल्लागाराला पुढे करा. सभांना तो बसेल, अध्यक्षांना तो भेटेल, तुम्ही मागे राहाल. जाताना बँकेतली सही बदला, मुख्यालयाला आणि विभागीय समन्वयकाला नवं नाव कळवा, रजिस्ट्रारकडच्या माणसाशी नव्याची प्रत्यक्ष ओळख करून द्या, आणि जूनमधली पात्र विद्यार्थ्यांची यादी त्याच्या नावाने निघेल हे बघा.